मंगळाच्या शोधात भातकुली

वऱ्हाडात जायचं म्हटलं की पुण्यातली माणसं आधी उन्हाचं भय घालतात, मग तिखटाचं. मी दोन्ही पोटभर खाऊन आलो आहे आणि चांगला टुणटुणीत आहे. उलट परत आल्यापासून मीच जो भेटेल त्याला धरून सांगत सुटलो आहे की, बाबा रे, मंगळावर काय असेल याची कल्पना करायची तर एकदा भातकुलीला जाऊन ये. लोक मान डोलावतात आणि ऊन डोक्यात गेलेलं दिसतंय अशा नजरेने माझ्याकडे बघतात. म्हणून म्हटलं, एकदाचं सगळं लिहूनच टाकावं.

मी पुण्याच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतो. माझी थोरली बहीण इंदूताई अमरावतीला दिली आहे. तिचे यजमान आप्पासाहेब तिथले नावाजलेले वकील. त्यांची मुलगी कमल इंटर सायन्स पास होऊन वर्षभर घरी बसली होती, आणि नागपूरला जाऊन बी.एस्सी. करायचं असा तिने हट्ट धरला होता. बापलेकीचं या एका गोष्टीवरून घरात रोज वाजत असे, पण खरी ठिणगी पडली ती मंगळावरून.

झालं असं की हिवाळ्यात तिथल्या एका वाचनालयात ‘मंगळावर वस्ती आहे काय?’ या विषयावर कुणा पाहुण्यांचं व्याख्यान झालं. पाहुण्यांनी मंगळावरचे कालवे, शेती, आपल्यापेक्षा शहाणी माणसं असं सगळं रंगवून सांगितलं. अध्यक्ष आप्पासाहेब. ते समारोपाला उठले आणि म्हणाले, “तिथे पाणी असलंच तर थोडं, गोठलेलं, नाहीतर खारट असणार. माझा जन्म भातकुलीकडच्या खारपाणातला, खाऱ्या विहिरींच्या पट्ट्यातला. जिथे गोडं पाणी नाही तिथे जीव धरत नाही, हे मला कळायला दुर्बीण कशाला हवी?” टाळ्या पडल्या. घरी येऊन पानावर बसल्याबसल्या कमलने सांगितलं की पाहुणेही चूक आणि आप्पाही चूक. मंगळावर माणसं शोधायचीच कशाला? डोळ्यांना न दिसणारे जीव शोधावेत. ते कुठेही तग धरतील, आपल्या गावच्या खारबावीत, त्या खाऱ्या विहिरीतसुद्धा.

“दाखव,” आप्पासाहेब म्हणाले. “खारबावीच्या पाण्यात मला जिवंत काही दाखवलंस तर नागपूर. नाही दाखवलंस तर नागपूरचं नाव या घरात पुन्हा काढायचं नाही.”

ताईने ही सगळी हकीकत पत्राने कळवली, आणि खाली निरोप एवढाच, की फाल्गुनात ये आणि येताना सूक्ष्मदर्शक आण, पोरीचं सगळं त्याच्यावर अडलं आहे.

अकोला

सूक्ष्मदर्शक आण म्हणणं सोपं. आमच्या कॉलेजातला सूक्ष्मदर्शक म्हणजे देव्हाऱ्यातला बाळकृष्ण, त्याला उंबरा ओलांडून नेता येत नाही. मग आठवण झाली माझ्या जुन्या वर्गमित्राची. तो अकोल्याला जठारपेठेत डॉक्टरी करतो आणि त्याच्याकडे पितळेचा एक झकास सूक्ष्मदर्शक आहे. म्हणून अमरावतीच्या आधीच अकोल्याला उतरलो.

टांग्यातून जठारपेठेत पोचेपर्यंत ऊन असं काही चढलं की माझी टोपी घामाने डोक्याला चिकटली. डॉक्टरच्या घरी मात्र वाळ्याचं पाणी, आणि पाठोपाठ ताट. ज्वारीची भाकरी, बेसन, वर हिरव्या मिरचीचा ठेचा. पुण्यात आम्ही ठेचा बोटाला लावून चाखतो. इथे तो भाजीसारखा वाढतात आणि वर विचारतात, “बेताचाच तिखट झाला का?” पहिल्या घासाला माझ्या कानातून वाफ निघाली, दुसऱ्या घासाला डोळ्यांतून पाणी, आणि तिसऱ्यानंतर मी तो मागून घेतला.

जेवताना मी सूक्ष्मदर्शक कशाला हवा ते सांगितलं. मुलगी, मंगळ आणि परीक्षा एवढे तीन शब्द आत डॉक्टरच्या बायकोच्या कानांवर गेले असावेत. त्या लगबगीने बाहेर आल्या आणि काळजीने म्हणाल्या, “कडक मंगळ आहे का हो मुलीला? आमच्या ओळखीत एक शास्त्रीबुवा आहेत, शांत करून देतात.” डॉक्टरला हसताना ठसका लागला. मी त्यांना समजावून सांगितलं की हा पत्रिकेतला मंगळ नव्हे, आकाशातला. त्या म्हणाल्या, “दोन आहेत होय,” आणि ताक वाढायला वळल्या.

डॉक्टरने पेटी माझ्या हवाली केली, आणि काचेचं घट्ट बूच असलेली एक स्वच्छ बाटलीही दिली. “तू रस्त्यात पडलास तरी चालेल,” तो म्हणाला, “पेटी वर धरून पड.”

अमरावती

बडनेऱ्याला गाडी बदलली आणि पेटी मांडीवर घेऊन अमरावतीला पोचलो. आप्पासाहेबांच्या ओसरीवर पक्षकारांची ही गर्दी. “काहून आले नाई काल? कोर्टात मी काय भिताडाले तोंड देत बसू?” असं कुणीतरी कुणालातरी विचारत होतं. माझ्या पुणेरी कानांना वाटलं आता हातघाईवर येतात. तेवढ्यात तेच दोघे एका चंचीतून पान खायला लागले. वऱ्हाडी बोलणं असं आहे. आवाज भांडणाचा आणि मजकूर प्रेमाचा. आमच्याकडे नेमकं उलट असतं असं ताई म्हणते. मी वाद घातला नाही.

आप्पासाहेब उंच, गोरे, बोलायला अतिशय आर्जवी आणि त्या आर्जवातच माणसाला कोपऱ्यात घेणारे. “विनायकराव, प्रवासात त्रास नाही ना झाला? बरं, मला सांगा, तुम्ही स्वतः मंगळावर काही पाहिलं आहे का? नाही? पाहिलेला कुणी इसम तुमच्या ओळखीचा आहे का? तोही नाही. ठीक. आधी जेवून घ्या.” जेवायला वांग्याची भाजी आणि तव्याएवढ्या पुरणपोळ्या, वर तूप असं की पोळी शोधावी लागावी. पुण्यात जेवणाच्या वेळेला आलेल्या माणसाला आम्ही विचारतो, “जेवून आला असालच.” इथे तसा प्रश्नच नाही, पाट मांडलेला असतो आणि नाही म्हणायला तोंड रिकामं मिळत नाही.

कमलची आणि माझी गाठ मागच्या अंगणात पडली. मी तिला लहानपणी पाहिली होती, तेव्हा ती झुरळं पकडून काड्यापेटीत ठेवायची. आता ती सरळ मुद्द्यावर आली.

“मामा, खरं सांगा. सापडतील का?”

“सापडायला हवेत. समुद्रकाठच्या मिठागरांत असतात असं वाचलंय. इथल्या बावीत कुणी पाहिलेच नाहीत.”

“म्हणजे नसतीलही.”

“नसतीलही,” मी म्हणालो. खोटं काय सांगायचं?

तिने ते मान्य केलं. मग म्हणाली, “आप्पांना वाटतं मी नुसती हट्टी आहे. मंगळ कोरडा, थंड, खारट आहे म्हणून तिथे काही नाही असं सगळे म्हणतात. पण हे म्हणणारे सगळे गोडं पाणी पिणारे. खाऱ्या पाण्याला कुणी विचारलंय का?” मला त्या क्षणी ती पोरगी इतकी आवडली म्हणून सांगू. मी मनात म्हटलं, जंतू नसले तर घडवीन, पण हिला नागपूरला धाडीन.

भातकुलीची वाट

पहाटे दमणीने निघालो. दमणी म्हणजे वऱ्हाडातली हलकी बैलगाडी. बैल असे पळतात की बसणाऱ्याची हाडं जागच्या जागी राहत नाहीत. मी पेटी पोटाशी धरून बसलो होतो आणि प्रत्येक खड्ड्याला डॉक्टरचं नाव घेत होतो. दोन्ही बाजूंना काळी जमीन, कापूस वेचून झालेल्या पऱ्हाट्यांची वाळकी रानं, मधेच हरभऱ्याचे हिरवे तुकडे. भातकुली मागे पडली तशी जमिनीच्या भेगांशी पांढरी पूड दिसायला लागली. मी खाली उतरून बोटाने चाखली. खारट. मला केवढा आनंद झाला, आणि गाडीवान माझ्याकडे काळजीने पाहायला लागला.

आप्पासाहेबांच्या मूळ गावी आता त्यांचं कुणी नाही. जुना घरोबा आहे तो पुंजाजी माळ्याच्या घराशी. पुंजाजी पावसाळ्यात भाजी आणि झेंडू पिकवतो, हिवाळ्यात हरभरा, आणि विहिरीचं पाणी पिकाला चालत नाही म्हणून उन्हाळ्यात आकाशाकडे बघतो. त्याच्या कारभारणीचं नाव गिरजाबाई. या मुलखात विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, चहात जणू चिमूट मीठ टाकलेलं. गोडं पाणी लांबून गाडीवर आणतात आणि आतल्या खोलीत रांजणात झाकून ठेवतात. घरची माणसं खारंच पितात. गोडं आजाऱ्याला, बाळंतिणीला आणि पाहुण्याला.

हे मला नंतर कळलं. पोचल्या पोचल्या गिरजाबाईंनी तांब्याभर थंडगार पाणी दिलं, ते मी घटाघट पिऊन दुसरा मागितला, आणि तोही संपवल्यावर कमलने माझ्या दंडाला हा चिमटा काढला.

“मास्तर, तुमाले खारबाव कायले पायजे?” पुंजाजीने विचारलं. “तिथं ढोरंही तोंड लावत नाई.”

“तिच्यात जीव आहेत का ते बघायचंय.”

“बावीत? कासव पडलं का काय?” पण तो आला बरोबर.

खारबाव गावाबाहेर आहे. एके काळी तिच्या पाण्याचं मीठ करत. सरकारने ते बंद केलं. सत्याग्रहाच्या दिवसांत लोकांनी तिचं पाणी काढून मीठ केलं आणि काठ्या खाल्ल्या, तेव्हापासून तिच्याकडे फारसं कुणी फिरकत नाही. कडेला एका खोलगट खळग्यात झिरप साचून आटत आलेली. आणि त्या पाण्याची कड चक्क गुलाबी. गुलाल सांडून कुणी पुसून घ्यावा, तेवढी. मी गुडघ्यांवर बसलो. “असंच असते जी, दरसाल,” पुंजाजी म्हणाला. “गंज ऊन झालं का लाल होते.” गंज म्हणजे पुष्कळ.

बाभळीच्या सावलीत पेटी उघडली. आरसा उन्हाकडे केला. घाईत पहिला थेंब काचेऐवजी धोतरावर पडला. दुसरा नीट बसला. डोळा लावला. आधी नुसतं धूसर, मग मिठाचे चौकोनी खडे, आणि मग, अहो, त्यांच्या मधून एक तांबूस दाणा सुळ्ळकन पळाला. त्याच्या मागे दुसरा. मग कितीतरी. अंड्याच्या आकाराचे, पुढे दोन बारीक शेपट्या, त्या वल्ह्यांसारख्या मारत इकडून तिकडे चाललेले. मी तोंडातून काय ओरडलो ते आठवत नाही, पण बाभळीवरचे होले उडाले.

कमलने डोळा लावला. मग एकदम हळू म्हणाली, “मामा, हे धावतायत. यांना कुणी सांगितलंच नाही का, की इथे राहता येत नाही?”

मी तिला सांगितलं की यांच्या अंगातच मीठ मुरलेलं असतं. आपलं गोडं पाणी यांना लागलं तर ते यांच्या आत घुसतं आणि हे फुगून फुटतात. आपलं अमृत ते यांचं विष. ती पुन्हा भिंगाला चिकटली. पुंजाजीनेही पाहिलं. “बाप्पा, हे कोनचे पाव्हने?” म्हणाला, आणि दोनदा पाहिलं.

डॉक्टरची बाटली त्या पाण्याने भरली, बूच लावलं, ओल्या फडक्यात गुंडाळून गिरजाबाईंच्या ओसरीवर सावलीत ठेवली. “काय हाय जी हे?” त्यांनी विचारलं. मी फुशारकीने सांगितलं, “तुमच्या बावीचं खारं पाणी. वकीलसाहेबांसाठी न्यायचंय.” त्यांनी फक्त पुंजाजीकडे पाहिलं.

मग जेवण. शेतातच पेटवलेल्या काडीवर भाजलेला हरभऱ्याचा हुळा, सोलता सोलता ओठ काळे होतात आणि हात थांबत नाही. भाकरी, अंबाडीची भाजी, कांदा. खारपाणातल्या हरभऱ्याला जी गोडी आहे ती मी आजवर कुठे चाखली नाही. जेवण झाल्यावर पुंजाजीने आम्हाला मळा दाखवायला नेलं. परत आलो तेव्हा गिरजाबाईंनी बाटली नीट गुंडाळून, वर सुतळी बांधून, दमणीत गवतात बसवून ठेवली होती. किती ही माया, असं मी कमलला म्हटलं.

परतताना दिवस मावळला आणि पूर्वेला मंगळ उगवला. त्या महिन्यांत तो जवळ आला होता, तांबडा आणि मोठा. कमल त्याच्याकडे बोट दाखवून म्हणाली, “तिथेही एखादा खळगा असेल ना, आटत आलेला?” मी म्हटलं असेल, नक्की असेल. त्या संध्याकाळी मला कुणी काहीही विचारलं असतं तरी मी नक्की म्हणालो असतो.

ओसरीवरचा खटला

दुसऱ्या दिवशी रविवार. आप्पासाहेबांनी आपले दोन वकील मित्र बोलावले होते, साक्षीला. ओसरीवर ऊन येतं तिथे मी टेबल मांडलं. ताई दाराआड उभी. मी आधी छोटंसं भाषण ठोकलं, भातकुलीचा खळगा आणि मंगळाचा खळगा यांचं नातं जोडून दाखवलं. मग सुतळी सोडली, थेंब काचेवर ठेवला आणि डोळा लावला.

काही नाही. स्वच्छ, रिकामं पाणी.

दुसरा थेंब घेतला. मग तिसरा. आरसा फिरवला, भिंग पुसलं. कमलने पाहिलं, तिचा चेहरा पांढरा पडला. आप्पासाहेब शांतपणे उठले, पाहिलं, आणि चष्मा पुसला.

“विनायकराव, मला काही दिसत नाही. तुम्हाला दिसतं?”

“काल होते. आम्ही डोळ्यांनी पाहिले. पुंजाजीने पाहिले.”

“काल असतील. मी आज विचारतो आहे.” मग ते मुलीकडे वळले, आणि त्यांच्या आवाजात राग नव्हता, तेच जास्त वाईट होतं. “कमल, ठरल्याप्रमाणे. हा विषय संपला.”

दाराआड ताईच्या बांगड्या वाजल्या. मी मेल्याहून मेल्यासारखा उभा. जीव वाटेत मेले असते तरी त्यांची कलेवरं दिसायला हवी होती, मिठाचे खडे तरी दिसायला हवे होते. कमल बाटलीकडे बघत राहिली होती. तिने ती उचलली, चार थेंब तळहातावर घेतले आणि जिभेला लावले.

“आप्पा,” ती म्हणाली, “हे गोडं आहे.”

वकील मित्रांपैकी एकजण खो खो हसला. “मुद्देमालच बदलला की राव.” आप्पासाहेबांनी मात्र हात पुढे केला. तळहातावर पाणी घेतलं, प्यायले, आणि खाली बसले. बराच वेळ त्यांनी बाटली हातात धरून ठेवली.

“गिरजाबाई,” ते म्हणाले.

आता माझ्याही डोक्यात प्रकाश पडला. पुण्याचा पाहुणा, वकीलसाहेबांचा मेहुणा, घरून निघताना काय नेतोय, तर बाटलीभर खारं पाणी. त्या माउलीला कसं बघवेल? आम्ही मळा पाहत होतो तेव्हा तिने बाटली रिकामी केली, घासूनपुसून लख्ख केली, आणि रांजणातलं मोलाचं पाणी तीत भरलं.

“आमच्या आईने हेच केलं असतं,” आप्पासाहेब म्हणाले. हसणारा मित्र हसायचा थांबला. “गोड्या पाण्याच्या रांजणाला आम्हा मुलांनी हात लावायचा नाही अशी शिस्त. पाहुणे आले की मी खूश. त्यांच्यासाठी काढलेल्यातलं उरलं तर मला मिळायचं. एवढंसं. त्या चवीसाठी मी शाळा शिकलो, गाव सोडलं.” मग ते एकदम वकिली आवाजात म्हणाले, “पंचनामा जागेवर करायला हवा होता. दमणी जोडायला सांगा.”

पुन्हा खारबावीवर

गिरजाबाई जराही ओशाळल्या नाहीत. “पाव्हन्याले खारं पानी देऊन धाडलं असतं तं लोकं काय म्हनले असते, वकीलसायेब? तुमच्या मायनं मले तोंड दाखवू देलं असतं का?”

“नसतं दिलं,” आप्पासाहेब म्हणाले. “तुमचं बरोबर आहे.”

बाभळीखाली पेटी उघडली. या वेळी थेंब कमलनेच घेतला, तिचा हात माझ्यापेक्षा स्थिर होता. आप्पासाहेबांची सावली आरशावर पडायला लागली म्हणून त्यांनी टोपी काढून पुंजाजीकडे दिली आणि वाकले. वारा पडला होता. त्यांनी डोळा काढलाच नाही.

“किती आहेत हे,” अखेर ते म्हणाले. मग उलटतपासणी सुरू झाली. “हे इथेच जन्मले? बाहेरून पडले नाहीत? यांना काय लागतं? मी लहान असतानाही असतील?” कमल एकेका प्रश्नाचं उत्तर देत होती, जिथे ठाऊक नव्हतं तिथे ठाऊक नाही म्हणत होती. शेवटी त्यांनी विचारलं, “आणि यांना गोडं पाणी दिलं तर?”

“मरतात, आप्पा.”

“दाखव.”

गिरजाबाईंनी दिलेल्या तांब्यातला एक थेंब तिने काचेच्या कडेला सोडला. आप्पासाहेब पाहत राहिले. मला दिसत नव्हतं, पण मला ठाऊक होतं काय होत असेल ते. पाण्याची लाट आत शिरते, पळणारे दाणे मंदावतात, गोल होतात, फुगतात, आणि एकामागून एक विरून जातात.

“पुरे,” ते म्हणाले. “पुरे, कमल.” आणि सरळ उभे राहिले. त्यांचे डोळे लाल झाले होते, एक भिंगाला लावून लाल झाला म्हणावं तर दोन्ही. गिरजाबाई दुरून विचारत होत्या, “काय झालं जी?”

मग आप्पासाहेबांनी टोपी घातली, आणि टोपीखालून पुन्हा वकील बोलायला लागला. “हे भातकुलीचं सिद्ध झालं. मंगळाचं सिद्ध झालेलं नाही.”

मी भांडायला तोंड उघडणार, तेवढ्यात कमल म्हणाली, “नाहीच झालं. मला करताही येत नाही, आप्पा. काय बघायचं, कसं बघायचं, तेही अजून कळत नाही. म्हणून तर शिकायला जायचंय.”

आप्पासाहेब दमणीत बसले ते घर येईपर्यंत बोलले नाहीत. मला गप्प बसणं म्हणजे शिक्षा, पण मीही बसलो. कमल पेटी मांडीवर घेऊन रस्त्याकडे बघत होती आणि तिचे ओठ घट्ट मिटलेले होते.

ताई दारात पाय धुवायला पाणी घेऊन उभी होती. तिने तिघांच्या तोंडांकडे पाहिलं आणि विचारायचं धाडस तिला झालं नाही. आप्पासाहेबांनी दोन्ही पायांवर पाणी घेतलं.

“नागपूरला तुझी एक मावशी आहे ना, धंतोलीत?” त्यांनी ताईला विचारलं.

“आहे.”

“तिला कळव. कमल शिकायला येते आहे, ठेवून घ्याल का म्हणावं.”

सगळा हिवाळा बापाशी शब्दाला शब्द देणाऱ्या त्या पोरीने पेटी माझ्या हातात दिली, वाकून त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं, आणि मग काही केल्या उठेना.

“अगं ऊठ, पाय ओले आहेत,” आप्पासाहेब म्हणाले. पण त्यांनी पाय मागे घेतले नाहीत.